एवढ्यावरच माझी सही

श्कोदर, ५ मार्च १९९२

प्रिय पाश्क,

तुझं पाकीट इटलीतल्या बारीहून येणाऱ्या ट्रकवाल्याने परवा आणून दिलं. कॉफी मिळाली, लोकरी मोजे मिळाले, मिमोझाचा फोटो मिळाला. पोरगी किती उंच झालीय! एकोणीस वर्षांची झाली, मला अजून ती टोपल्यात मावेल अशीच वाटते. कॉफी फार चांगली आहे, तिच्याबद्दल खोटं बोलणार नाही. निम्मी हातिजेमावशीला दिली. पाकिटातला तो टाइप केलेला कागदही मिळाला. मी तो पिठाच्या डब्याखाली ठेवलाय, आणि त्याबद्दल शेवटी बोलणार आहे. आधी तू जरा ऐकून घे. माझ्या गप्प राहण्याची तुला इतकी सवय झालीय की हिला काही आठवतच नसणार, असं तू धरून चालला असशील.

तुझ्या चिठ्ठीतल्या एका वाक्याने माझं डोकं फिरलंय. तू लिहितोस, "शेवटी आपण सगळ्यांनीच सोसलं, द्रांदे, आणि आपापल्या परीने सगळ्यांनीच श्रद्धा जपली." सगळ्यांनीच? काल राखेचा बुधवार होता. कपाळावर राख लावून घरी आले, चुलीपाशी बसले आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. मग ठरवलं की याला उत्तर दिलंच पाहिजे. नाहीतर हे वाक्य तू मिमोझाला सांगशील, ती तिच्या पोरांना सांगेल, आणि मग दोम लाझर नावाचा पाद्री जन्मालाच आला नव्हता असं होईल.

सदुसष्ट साली पक्षाने धर्मावर बंदी घातली आणि चर्च पाडायला तुमची शाळेची टोळी आली, ते मला सांगायला नको. तू सोळा वर्षांचा होतास. दोर घेऊन घंटेपर्यंत चढलास, खाली बँड वाजत होता, लाल झेंडे होते आणि मास्तर टाळ्या वाजवत होते. घंटा पडली तेव्हा आई खिडकीत उभी होती. तू घरी आलास तो गुडघा फुटलेला. आईने पाणी गरम केलं, गुडघा धुतला, पट्टी बांधली. आणि तू तिला म्हणालास, "आई, आता रविवारी आरामात झोपत जा. देवाला पक्षाने निवृत्त केलंय." आई घेवड्याची आमटी ढवळत राहिली. पाश्क, ते मी कधीच मनात धरलं नाही, आजही धरत नाही. सोळा वर्षांच्या पोरासमोर ढोल बडवले तर ते कुठेही चढतं. बाबा असते तर तुला दोन ठेवून दिल्या असत्या आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. बाबा नव्हते.

पुढचं मात्र ऐक. मी तेव्हा गालिच्यांच्या सहकारी कारखान्यात मागावर होते. एक दिवस समितीवाली बाई हातात पट्टी घेऊन आली आणि आमच्या जुन्या नक्षीतल्या चार पाकळ्यांच्या फुलाला म्हणाली, "हा क्रूस आहे." आम्ही म्हटलं, बाई, हे फूल आहे, आमच्या आज्या विणत आल्या. "मग पाचवी पाकळी घाला." सहा महिने आम्ही पाच पाकळ्यांची, एका अंगाला कललेली फुलं विणत बसलो. तेव्हा हसू यायचं. नंतर शुभ शुक्रवार आला, आपला मांस न खाण्याचा दिवस. त्या दिवशी दुपारी तीच बाई ताटात सॉसेजचे तुकडे घेऊन मागामागांतून फिरली. वर्षभरात कधी कुणी आम्हाला मांसाचा वासही दाखवला नव्हता. "घे, कॉम्रेड द्रांदे, पक्षाची भेट आहे." मी म्हटलं, "भूक नाही." ती म्हणाली, "काल होती, उद्या असेल, नेमकी आजच नाही?" मी म्हटलं, "पोटाला वार कळत नाहीत असं तुम्हीच शिकवता. आज नाही लागली." शेजारच्या मागावरच्या दोघींनी घास गिळला आणि डोळे पुसले. त्यांच्यावरही माझा राग नाही, त्यांच्या घरी लहान पोरं होती. मला मागावरून उठवून लोकर धुवायच्या हौदावर टाकलं. थंडीत त्या पाण्याने माझी बोटं अशी झाली की आजही सुईत दोरा ओवता येत नाही.

त्या संध्याकाळी जेवताना तू मला काय म्हणालास, आठवतं? "एक तुकडा खाल्ला असतास तर देवाचं काय गेलं असतं?" मी म्हटलं, त्याचं काही गेलं नसतं, माझं गेलं असतं. तू हसलास. तुला वाटलं मी शब्दाला शब्द जोडतेय. मी जोडत नव्हते रे. मला खरंच तेवढंच कळत होतं. मी काही फार शिकलेली नाही, मोठ्या धर्मचर्चा मला येत नाहीत. एक तुकडा खाल्ला की दुसऱ्या दिवशी दुसरा पुढे येणार, आणि मग कुठे थांबायचं ते मला सापडणार नाही, एवढीच मला भीती होती.

मग त्र्याहत्तर साल. आता मी सांगते ते तू इटलीत कुणालाही सांगितलेलं नसणार. मिमोझा चार महिन्यांची होती. खोकून खोकून निळी पडायची. डॉक्टरने तुझ्या बायकोला, फिलेला सांगितलं होतं, मनाची तयारी ठेव. तू एका दुपारी कारखान्यातून मधल्या सुटीत आलास. बसला नाहीस. भिंतीकडे बघत म्हणालास, "तो दोम लाझर... अजून इथेच असतो ना?" मी म्हटलं, भाजीच्या गोदामात खोकी उचलतो. सहा वर्षांची कैद भोगून आलेला माणूस, देवळात शिरायची सोय नाही, कारण देऊळच नाही. तू म्हणालास, "फिले रडतेय. ती म्हणते पोरगी बाप्तिस्म्याशिवाय अशीच गेली तर..." त्या वेळी, पाश्क, मला तुझा फार अभिमान वाटला होता. सांगायचं राहून गेलं.

रविवार निवडला, मे महिन्यातला. दुपारी फुटबॉलचा सामना होता, सगळी गल्ली रेडिओला चिकटलेली. फिलेने पोरीला धुण्याच्या टोपल्यात चादरींखाली घालून आणलं. दोम लाझर मागच्या बाजूने आला. त्याच्या हातांना कांद्याचा वास येत होता, तो तीनदा हात धुऊन आला तरी गेला नाही. "लेकरा, माफ कर हं," असं तो त्या चार महिन्यांच्या पोरीला म्हणाला. कॉफीच्या कपात पाणी घेतलं. आई भिंतीला टेकून उभी होती. डोक्यावर पाणी पडलं तशी मिमोझाने टाहो फोडला. कुंपणापलीकडून हातिजेमावशीने ऐकलं. तिने रेडिओचा आवाज वाढवला आणि अंगणात गालिचा लटकवून काठीने धोपटायला लागली, भर सामना चालू असताना! नंतर म्हणाली, "आमची मशीद बंद केली तेव्हा तुझ्या आईने माझ्याबरोबर बसून अश्रू गाळले होते. मला काय नुसतं बघत बसायचं होतं?" आणि तू फाटकावर होतास. राखाडी टोपी घालून, सिगारेट ओढत. एक संपली की दुसरी. कुणी येताना दिसलं तर खोकायचं, असं ठरलं होतं. अर्धा तास तू तिथे होतास. पोरीचं बाप्तिस्म्याचं नाव आम्ही रोझा ठेवलं, ते तिला कधी सांगितलंस का?

अकरा दिवसांनी मला नेलं आणि त्याच सकाळी दोम लाझरला. कुणी सांगितलं, मला माहीत नाही. मी कधी शोधलं नाही. फिलेला आणि आईलाही नेलं होतं, त्यांना दोन दिवसांनी सोडलं. पोरगी तोवर बरी झाली होती. खटला चित्रपटगृहात भरला. बाहेर कर्णे लावले होते, म्हणजे बाजारातल्या लोकांनाही ऐकू जावं. आणि तू व्यासपीठावर आलास. कागदावरून वाचलंस. "माझ्या पाठीमागे, माझ्या अजाण मुलीवर या लोकांनी हा घाला घातला." पाठीमागे! मग कागद खाली ठेवलास आणि स्वतःच्या मनाने म्हणालास, "ही माझी बहीण नाही. ही जुन्या अंधाराची शेपटी आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कागदावर होतं ते लिहून दिलेलं होतं, ते मी समजू शकते. ते शेवटचं तुला कुणी लिहून दिलं होतं? दोम लाझर तुझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, मलाच चीड आली की नाही कसा. त्याला विचारलं, पश्चात्ताप होतो का. तो म्हणाला, "होतो. हात नीट स्वच्छ नव्हते." त्याला बारा वर्षं दिली. चौथ्या वर्षी खाणीत राबता राबता गेला. कुठे पुरला, अजून सापडलेलं नाही. मला आठ वर्षं. पाच बाप्तिस्म्याबद्दल, आणि तीन तपासात सहकार्य न केल्याबद्दल.

सक्तमजुरीच्या छावणीतल्या हालअपेष्टांची यादी मी देणार नाही. दलदल उपसायची, एवढं सांगते. पण तू चिठ्ठीत श्रद्धेचं नाव काढलंस म्हणून सांगते. मी तिथे काही संत नव्हते. दुसऱ्या हिवाळ्यात माझी प्रार्थना बंद पडली. शब्दच येईनात. कंबरभर गारठ्या चिखलात उभी राहून मी देवाला शिव्या दिल्या, अगदी बाजारातल्या. तुझ्यासाठी मी इथे कुजतेय आणि तू कुठे आहेस, असं विचारलं. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिव्या दिल्या. कितीतरी महिने माझी हीच प्रार्थना होती. पण पाश्क, मी त्याच्याशी बोलणं सोडलं नाही. तो नाहीच, असं मला एकदाही म्हणता आलं नाही, कारण मग मी भांडत होते ते कुणाशी? पहारेकरीण म्हणायची, "कागदावर लिहून दे देव नाही, उद्यापासून स्वयंपाकघरात काम, चुलीजवळ." मी तिला म्हणायचे, "बाई, त्याच्यावर माझा इतका राग आहे की तो नाही असं म्हणून मी त्याला सुटू देणार नाही." ती मला वेडी समजायची. एका सकाळी, का ते माहीत नाही, सगळी प्रार्थना पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत आठवली. मी फावडं टाकून रडत बसले आणि त्याबद्दल तीन दिवस उपाशी राहिले.

आता आईचं. मी पाचव्या वर्षात होते तेव्हा ती गेली. मला पत्राने कळवलंस, दोन ओळी. बाकीचं मी सुटून आल्यावर हातिजेमावशीने सांगितलं. आईला शेवटी फक्त एकच हवं होतं, कुणीतरी आपल्यावर क्रूसाची खूण करावी. पाद्री कुठून आणणार, ते तिलाही कळत होतं. ती तुझ्याकडे बघत होती. तुझ्या कारखान्यातले दोघे भेटायला आलेले खोलीत बसले होते. तू म्हणालास, "आईला भ्रम होतोय," आणि तिची चादर सारखी केलीस. पाहुण्यांना सोडायला तू बाहेर गेलास, तेव्हा हातिजेमावशी उठली आणि तिने केली. पाच वेळा नमाज पढणाऱ्या बाईने! मला सांगताना ती कावरीबावरी झाली होती. म्हणाली, "पोरी, चाळीस वर्षं तिला करताना बघितलं होतं, तशीच केली. डावा खांदा आधी की उजवा, ते चुकलं असेल. तुमचा देव रागावेल का?" मी तिचे दोन्ही हात धरले. त्या हातांना धरून मी जितकी रडले तितकी तुरुंगातही रडले नव्हते. आणि तू लिहितोस, सगळ्यांनीच आपापल्या परीने जपली. हो, हातिजेने जपली. आमची श्रद्धासुद्धा तिने जपली. तू चादर सारखी केलीस.

नव्वदच्या नोव्हेंबरात कब्रस्तानात पहिली उघड मिस्सा-प्रार्थना झाली. लोक भिंतींवर, झाडांवर चढले होते. मी तुला बोलवायला आले होते. तू खिडकीचा पडदा जरासा बाजूला करून म्हणालास, "तू हो पुढे. बघू काय होतंय." चार महिन्यांनी इटलीला बोटी सुटायला लागल्या तेव्हा तू पहिल्या बोटीवर होतास. तेव्हा "बघू" नव्हतं. गेलास त्याचं मला वाईट वाटलं नाही, पोरीला शिकता आलं याचा आनंदच आहे. फक्त मला नीट सांगून गेला असतास.

आता तो कागद, तुझ्या इटलीत आसरा मिळवायच्या अर्जाचा. आपला नवा पाद्री फार भला मुलगा आहे, बाहेरून शिकून आलाय, कागद आधी त्याच्याकडे गेला होता, त्याने विश्वासाने सही करून दिलीय. माझी जागा रिकामी आहे. त्यात लिहिलंय की मी, द्रांदे, सख्खी बहीण, साक्ष देते की पाश्क आयुष्यभर श्रद्धेत अढळ राहिला आणि त्यापायी त्याचा छळ झाला. खाली तू पेन्सिलीने लिहिलंयस, "नुसती सही तर करायची, तुझं काय जातंय? सगळेच करतायत. नाहीतर आम्हाला परत पाठवतील." पाद्रीही म्हणाला, "भावाला क्षमा करा, बाई." मी त्याला म्हटलं, क्षमा मागायला कुणी आलेलंच नाही, आणि क्षमा वेगळी, खोटी साक्ष वेगळी. पाश्क, तुला एक सांगायचंय. हे मी आईला, हातिजेला, पाद्रीलाही कधी बोलले नाही. तपासात मला चार दिवस उभं ठेवलं होतं. बाप्तिस्म्याचं त्यांना सगळं माहीत होतं. त्यांचा प्रश्न एकच होता, "राखाडी टोपी घालून फाटकावर सिगारेट ओढत कोण उभं होतं?" कुणीतरी लांबून पाहिलं होतं, चेहरा दिसला नव्हता. एक नाव सांग, दोन वर्षांत घरी जाशील, असं म्हणाले. मी खोटं नाव दिलं नाही आणि खरंही दिलं नाही, तोंड मिटून राहिले. ती वरची तीन वर्षं त्याची आहेत. तू व्यासपीठावरून "माझ्या पाठीमागे" म्हणालास ना, तेव्हा त्या सगळ्या सभागृहात तू खोटं बोलतोयस हे आपल्या दोघांना आणि दोम लाझरलाच ठाऊक होतं, आणि आम्ही दोघं गप्प बसलो. तेव्हा एका खोट्याने माझी सुटका होत होती, ते मी बोलले नाही. आज तुझ्यासाठी बोलणार नाही. कागद परत पाठवतेय, सही न करता. पण त्याची मागची बाजू कोरी आहे. तिथे तुझ्या हाताने लिही, की मे महिन्यातल्या एका रविवारी माझ्या मुलीचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा मी अर्धा तास फाटकावर पहारा दिला, आणि नंतर भीतीने ते नाकारलं. मिमोझाला वाचून दाखव, तिचं दुसरं नाव तिला सांग, आणि मग माझ्याकडे पाठव. ते लोक तुला ठेवून घेतील की नाही, मला माहीत नाही. पण त्या अर्ध्या तासात तुझी श्रद्धा होती हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि तेवढ्याखाली मी सही करीन.

तू नाकारलीस तरी तुझीच बहीण,
द्रांदे